पट घटला तरी शाळेचा खर्च का वाढतो?

दप्तरदार

तालुक्याच्या गावातल्या एका शिक्षणसंस्थेचा मी यंदा खजिनदार झालोय. दुसरं कोणी तयार नव्हतं, एवढीच माझी पात्रता. संस्थेचं एक जुनं अनुदानित मराठी हायस्कूल आहे आणि त्याच आवारात अलीकडे सुरू केलेली विनाअनुदानित इंग्रजी शाळा.

जुने ऑडिट रिपोर्ट कपाटातून काढून ओळीने वाचायला घेतलेत. वार्षिक सभेत दरवर्षी "महागाईमुळे खर्च वाढला" असं कोणीतरी म्हणतं, सगळे माना डोलावतात, चहा येतो, विषय संपतो. पण आकडे शेजारी-शेजारी मांडले तर ते महागाईसारखे वागतच नाहीत. काही वर्षं जवळजवळ सपाट, मग एकदम उडी, पुन्हा सपाट. त्यात हायस्कूलचा पट उतरतोय, काही इयत्तांच्या तीन तुकड्यांच्या दोन झाल्या, तरी एकूण आकडा वरच. इंग्रजी शाळेत उलटी तऱ्हा. तिथे पट वाढला आणि मधली काही वर्षं दर मुलामागचा खर्च चक्क खाली आला.

माझी समजूत अशी झालीय की शाळेचा खर्च मुलांच्या आकड्यावर फारसा चालतच नाही. तुकड्या किती आणि शिक्षकांची नोकरी किती वर्षं झाली, यावर तो चालतो. तुकडीत ५५ मुलं असोत की ३५, खोली एकच, तास घेणारे तेवढेच, पंखे आणि ट्यूबलाइट तेवढ्याच. वीस मुलं कमी झाल्याने वाचतो तो उत्तरपत्रिकांचा कागद.

आता वयाचं. सातव्या वेतन आयोगात बी.एड. झालेल्या शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होतं. दरवर्षी ३ टक्के वेतनवाढ. चक्रवाढीने २४ वर्षांत ते ७८ हजारांच्या आसपास जातं. वर्ग तोच, विषय तोच, मूळ पगार दुप्पट. यात महागाई भत्ता धरलेला नाही, १२ वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी नाही, २४ वर्षांनंतरची निवड श्रेणी नाही. म्हणजे बाजारात एकाही वस्तूचा भाव वाढला नसता तरी हा खर्च वाढलाच असता.

इतरांच्या शाळांत काय दिसतं? आणि पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधायचा तर कुठून सुरुवात करावी?

खडूफळा

दप्तरदार, निदान बरोबर आहे, पण जो खर्च बघून दचकलात तो तुमच्या संस्थेचा नाहीच.

अनुदानित हायस्कूलचा पगार संस्थेच्या हाताला लागत नाही. शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतनप्रणालीत बिल भरायचं, ते शिक्षण खात्याच्या वेतन पथकाकडे जायचं, तिथून पैसे कर्मचाऱ्याच्या खात्यात. ऑडिट रिपोर्टमध्ये तो जमेलाही दिसतो आणि खर्चालाही. दोन्हीकडून वजा करा आणि मग उरतं ते वाचा. उरेल थोडंच, पण संस्थेचा जीव त्यातच अडकलेला असतो.

मी मुख्याध्यापक होतो त्या काळात वेतनेतर अनुदान २००४ पासून बंद झालं. वीजबिल, पाणीपट्टी, खडू, हजेरीपत्रकं, फिनेल, मुलींच्या स्वच्छतागृहाचं तुंबलेलं ड्रेनेज, प्रयोगशाळेतली ॲसिडची बाटली, सगळं संस्थेवर आलं. २०१३ पासून ते पुन्हा सुरू झालं ते ५ टक्क्यांनी, आणि हिशेब पाचव्या आयोगाच्या वेतनावर, शिक्षक सहाव्या आयोगाचा पगार घेत असताना. तेही मूल्यनिर्धारण, म्हणजे खर्च तपासून अनुदान ठरवणं, होऊन हातात पडेपर्यंत त्या वर्षाची मुलं पुढच्या वर्गात गेलेली असायची.

दुसरी गोष्ट शिपायाची. ११ डिसेंबर २०२० चा शासन निर्णय काढून बघा. शिपाई निवृत्त झाला की त्याचं पद संपतं आणि शाळेला मिळतो शिपाई भत्ता. ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये, मुंबई-पुण्यात १०,०००, इतर महापालिकांच्या हद्दीत ७,५००. सकाळी साडेसहाला कुलूप काढणारा, वर्ग झाडणारा, घंटा देणारा, जिल्ह्याला टपाल पोचवणारा माणूस ५,००० रुपयांत शोधून दाखवा. वरचा फरक संस्था भरते. सरकारच्या हिशेबात बचत झाली, तुमच्या हिशेबात नवीन ओळ आली. सभेत हे महागाईच्या नावावर खपवतात कारण समजावून सांगायला वेळ लागतो.

बाभूळबन

आमच्याकडे शिपाईमामा निवृत्त झाल्यापासून घंटेच्या जागी मोबाइलचा गजर आणि स्पीकर आहे. वीज गेली की गणिताचा तास संपतच नाही.

चालू द्या, वाचतोय.

अमृता_चिंचवड

मी पालक म्हणून लिहितेय, मुलगी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत. फी वाढली की आम्हालाही ठरलेलं उत्तर मिळतं, "शिक्षकांचे पगार वाढले."

दप्तरदार म्हणतात तसं शिक्षकाची नोकरी जुनी झाली की पगार वाढतो हे पटतं. पण त्यासाठी शिक्षक टिकायला तर हवेत! मुलीच्या वर्गशिक्षिका जवळजवळ दरवर्षी नव्या असतात. यंदाच्या बाई कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, वर्गात इतक्या घाबरून उभ्या असतात की मुलंच त्यांना सांभाळून घेतात. मग आमच्या शाळेत पगार वाढतो तो कोणाचा?

घसारा

अमृताताई, तुम्ही नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत. मी काही शाळांचे हिशेब तपासतो, नावं अर्थातच घेणार नाही.

विनाअनुदानित शाळांत पगाराचा खर्च आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कोणालाच जुनं होऊ न देणं. महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे, वेतनश्रेणी ठरलेल्या आहेत. कागदावर सगळं ठीक असतं. प्रत्यक्षात मार्च-एप्रिलमध्ये करार संपतो आणि जूनमध्ये नवा माणूस सुरुवातीच्या पगारावर येतो. हिशेबात दिसतं ते एवढंच की पगाराची ओळ पाच वर्षं हललेली नाही. ही ओळ इतकी सरळ दिसली की मी सेवापुस्तकं मागतो.

दप्तरदार, आता तुमच्या इंग्रजी शाळेबद्दल. शाळेच्या खर्चाला शाळेचं वय असतं. नवी शाळा नर्सरीपासून सुरू होते आणि दरवर्षी एकेक इयत्ता वर चढते. इमारत मात्र आधीच बांधलेली, तिचं कर्ज पहिल्या दिवसापासून. मुख्याध्यापिका, लिपिक, चौकीदार, मैदानाची भिंत हा सगळा खर्च सुरुवातीला थोड्याशा मुलांवर पडतो. पुढे एकेक वर्ग भरत गेला की तोच खर्च जास्त मुलांत वाटला जातो आणि दर मुलामागचा आकडा उतरतो. तुम्हाला जे दिसतंय ते हे. समितीने त्याचं श्रेय घेतलं असेल तर घेऊ द्या, पण ही स्वस्ताई शाळेच्या कोवळ्या वयाची आहे. पहिली तुकडी दहावीला पोचली की नवीन वर्ग भरायचे थांबतात. तोवर शिक्षक थोडे जुने झालेले असतात, विज्ञानाची प्रयोगशाळा उभारावी लागते, पहिला रंग उडालेला असतो, बाके बदलायला येतात. तिथून आकडा परत वर वळतो. नेमकं त्याच सुमारास कर्ज फिटतं म्हणून हे वळण लपतं, आणि समिती त्या सुटलेल्या हप्त्यावर नवा मजला चढवते. हा शेवटचा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की आता हसूही येत नाही.

सपाट आणि उडी याबद्दल. सातवा आयोग लागू १ जानेवारी २०१६ पासून, पण राज्यात पगारात आला २०१९ मध्ये. मधल्या काळाची थकबाकी पाच हप्त्यांत. सहाव्या आयोगातही तेच, लागू २००६ पासून आणि हातात २००९ मध्ये. त्यामुळे तुमच्या तक्त्यात खर्च झाला एका वर्षाचा आणि दिसतो दुसऱ्याच वर्षात. जानेवारी २०२० ते जून २०२१ महागाई भत्ता गोठवलेला होता, म्हणून कोरोनाची वर्षं सपाट दिसतील आणि त्यानंतर उंच पायरी. २०१९ ची २०१८ शी तुलना करून कोणी "एका वर्षात एवढा खर्च वाढला" असं ओरडलं तर त्याला आधी हा इतिहास सांगा.

वाडीवरचे_गुरुजी

तुम्हा लोकांचे हिशेब वाचून आमची शाळा म्हणजे भातुकली वाटायला लागली. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. पगार शासनाचा, त्याचा आम्हाला हिशेबही नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात येतं तेवढंच आमचं जग.

२०१० च्या आसपास सर्व शिक्षा अभियानातून शाळा अनुदान ५,०००, तीन खोल्यांपर्यंतच्या शाळेला देखभाल-दुरुस्तीचे ५,००० आणि प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी ५०० मिळायचे. आम्ही दोघे, म्हणजे एकूण ११,०००. २०१८-१९ पासून समग्र शिक्षा आली आणि हे सगळं गोळा करून संयुक्त शाळा अनुदान झालं. आता पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,०००. ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. म्हणजे पंधरा वर्षांनी आमच्यासारख्या लहान शाळेला हजार रुपये कमी! मंजूर होतं तेवढं पूर्ण येईलच असंही नाही.

आणि ३० व ३१ मधला फरक बघा. एक कुटुंब गाव सोडून गेलं आणि पट ३० वर आला की १५,००० रुपये गेले. छपराची कौलं मात्र ३१ मुलांसाठी होती तेवढीच. शिक्षकांचंही तसंच. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, तक्त्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ व्या मुलाला तिसरा. एका दाखल्यावर एक अख्खा पगार इकडचा तिकडे. दप्तरदार उड्या म्हणतात त्या आमच्याकडे अशा दिसतात.

खर्च कशावर बदलला म्हणाल तर विजेवर. पूर्वी दोन बल्बचं बिल यायचं. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, गावोगाव लोकवर्गणी निघाली, शाळा डिजिटल झाल्या. आमच्या गावानेही हौसेने टीव्ही आणि संगणक दिले, मिरवणूक काढून आणले. बिलाचं कोणी बोललं नाही. मीटर कापून नेल्यावर सरपंचांनी भरलं, पुढच्या वेळी मी भरलं, त्याच्या पुढच्या वेळी सहा महिने टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवला.

अनुदान येतं ते बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ३१ मार्चच्या आत ऑनलाइन खर्ची पडलं पाहिजे. त्यामुळे आमची कीर्द उघडली तर वर्षभर जवळजवळ कोरी आणि मार्चच्या पानावर गर्दी. रंगारी, सुतार, स्टेशनरीवाला, जलशुद्धीकरणाचा फिल्टर, सगळे एकाच आठवड्यात. छप्पर गळतं जूनमध्ये. तेव्हा ताडपत्री घरून आणायची आणि खरी दुरुस्ती होते पाऊस जाऊन सहा महिने झाल्यावर. कोणी परक्या माणसाने नुसती कीर्द वाचली तर त्याला वाटेल या शाळेत फक्त मार्चमध्येच वस्तू मोडतात.

जाता जाता पोषण आहाराचं. प्राथमिकच्या मुलामागे दिवसाचा दर ऑक्टोबर २०२२ मध्ये ५.४५ रुपये झाला, मे २०२५ पासून ६.७८. तांदूळ वेगळा मिळतो, पण डाळ, भाजी, तेल, इंधन यातच. तेलाचा डबा घेताना हे दोन आकडे डोळ्यांसमोर ठेवा.

रोखठोक

एवढं गणित कशाला? मुलं नाहीत तर शाळा बंद करा, मोक्याची जागा भाड्याने द्या, व्याजावर इंग्रजी शाळा चालवा. बाजाराला कळतं लोकांना काय हवं ते.

खडूफळा

रोखठोक, सार्वजनिक न्यासाची जागा अशी मनाला येईल तशी भाड्याने देता येत नाही, जास्त मुदतीच्या भाड्याला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आणि त्या हायस्कूलमध्ये आज जी मुलं आहेत ती इंग्रजी शाळेची फी भरू शकत नाहीत म्हणूनच तिथे आहेत. त्यांच्या आईबापांना विचारून मग बाजाराचं सांगा.

न्यूजर्सीकर

अवांतर वाटलं तर सोडून द्या, पण तुलना मजेशीर आहे. इथे सरकारी शाळांचा मोठा पैसा घरांवरच्या मालमत्ता करातून येतो आणि शाळा-जिल्ह्याचं अंदाजपत्रक दर वसंतात लोकांसमोर मांडावं लागतं. २०१० च्या कायद्याने न्यू जर्सीत हा कर वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, काही अपवाद सोडून. अपवादांत आरोग्यविम्याचा वाढीव खर्च येतो. त्यामुळे सभेत दरवर्षी तोच खेळ. पगार आणि विमा २ टक्क्यांत बसत नाही, मग ग्रंथपाल आणि वाद्यवृंदाच्या शिक्षकाची जागा कापायची भाषा सुरू होते आणि पालक माइकसमोर रांग लावतात.

कोरोनाच्या काळात इथल्या केंद्र सरकारने शाळांना तीन टप्प्यांत मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. शेवटच्या टप्प्याचे पैसे कशावर लावायचे ते ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत ठरवायचं होतं. ज्यांनी त्यातून वातानुकूलन यंत्रणा बदलली ते सुटले. ज्यांनी त्या पैशावर माणसं नेमली त्यांना मुदत संपल्यावर पगाराचं कोडं पडलं.

तुमचा सिद्धांत पडताळायला इथली रविवारची मराठी शाळा चांगली. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, पगार शून्य. खर्च म्हणजे हॉलचं भाडं, विमा आणि गणपतीच्या कार्यक्रमाचं खाणं. शाळा कितीही जुनी झाली तरी तिथे दर मुलामागचा खर्च वाढत नाही, पट वाढला की कमीच होतो.

घसारा

न्यूजर्सीकर, अवांतर अजिबात नाही. एकदाच येणाऱ्या पैशावर कायमचा खर्च उभा करणं हा आमच्याकडचाही जुनाच रोग. केंद्र सरकारच्या योजनेतून शाळांना मिळणाऱ्या अटल टिंकरिंग लॅबचं घ्या. २० लाखांचं अनुदान, त्यातले १० लाख उभारणीला आणि उरलेले पाच वर्षांच्या चालवण्याला. सहाव्या वर्षी थ्रीडी प्रिंटरची तार कुठून आणायची हे ठरवलेल्या शाळा थोड्या. संगणक कक्षांचं तेच झालं. कंपनीचा पाच वर्षांचा करार संपला, संगणक शाळेकडे राहिले आणि शिकवणारा माणूस गेला.

सुमेधा_वि

मी एका विनाअनुदानित शाळेत प्रशासनात आहे, त्यामुळे दुसरी बाजूही येऊ द्या. सगळ्याच संस्था नफेखोर आहेत असा सूर लागलाय.

आरटीईतून २५ टक्के जागा आम्ही भरतो, त्याबद्दल आक्षेप नाही. त्या मुलांच्या फीपोटी शासन देतं त्या प्रतिपूर्तीचा दर मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७०. २०२०-२१ साठी तो ८,००० केला. आणि हा पैसा त्या वर्षी येतच नाही, थकतो. त्याच सुमारास २०२१-२२ मध्ये फीत १५ टक्के सूट द्यायचा शासन निर्णय आला. पालकांची अडचण खरी होती, पण शाळेचं वीजबिल सोडलं तर कुठलाच मोठा खर्च १५ टक्क्यांनी कमी झाला नव्हता. आमच्याकडे त्या वर्षी शिक्षकांचे पगार कापले. ते पूर्ववत व्हायला बराच काळ गेला, आणि चांगली माणसं तोवर निघून गेली.

शिवाय दरवर्षी नवीन नियम आणि नवीन खर्च. बसमध्ये महिला मदतनीस हवी, ठेवली. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये एका महिन्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश आला. आवश्यकच होतं. कॅमेरे एकदाच घेतले, पण चित्रण साठवायच्या डिस्क, वार्षिक देखभाल करार आणि पडद्यासमोर बसणारा माणूस हे दरवर्षीचं. यातलं काहीही मुलांच्या प्रगतिपुस्तकात दिसत नाही, म्हणून पालकांना वाटतं फी वाढली आणि मिळालं काहीच नाही.

अमृता_चिंचवड

सुमेधाताई, हे सगळं समजतं, आणि खरंच कोणी असं बसून सांगितलं तर भांडण निम्मं मिटेल. आमची तक्रारच ही आहे की सांगत नाहीत. स्नेहसंमेलनाच्या लेझर शोचा खर्च सांगायला लागत नाही, तो दिसतो!

मला एक सांगा, पालकांना हिशेब मागता येतो का? आमच्या शाळेत "तो संस्थेचा अंतर्गत विषय" असं ऐकवलं गेलं.

घसारा

मागता येतो. राज्याचा शुल्क विनियमनाचा कायदा २०११ चा आहे. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, तिच्यावरचे पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडतात. फीचा प्रस्ताव शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी, संबंधित कागदपत्रांसह समितीपुढे ठेवावा लागतो. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधील. म्हणजे मधल्या वर्षी "अचानक खर्च वाढला" चालत नाही. म्हणूनच शाळा दोन वर्षांची वाढ एकदम मागतात आणि तुम्हाला ती भरमसाट वाटते. ६ टक्के दराने दोन वर्षांत १२ टक्क्यांहून थोडं जास्त होतं, तेवढ्यावर मी तरी भुवई उंचावणार नाही. त्यावर गेलं की मात्र विचारा, आणि विचारताना एकूण खर्च विचारू नका. पगारावर किती, कर्जफेडीवर किती आणि संस्थेच्या दुसऱ्या शाखेला उसनं किती दिलं, हे विचारा. या तिसऱ्या प्रश्नावर खोलीत शांतता झाली तर पुढचं मला वेगळा संदेश पाठवून विचारा.

चिठ्ठीसाठी नाव द्यायला पालक पुढे येत नाहीत ही दुसरी बाजू. समितीतल्या पालकांनी सही कुठे करायची एवढंच विचारलेलं मी पाहिलंय.

दप्तरदार

सगळ्यांचे आभार. दोन दिवस बसून खडूफळा सर आणि घसारा यांनी सांगितलं तसं नव्याने मांडलं. शासनाकडून येणारा पगार दोन्ही बाजूंनी काढला, थकबाकी त्या-त्या वर्षात परत टाकली, इमारत आणि संगणक वेगळे केले. आता चित्र अगदी वेगळं दिसतंय. हायस्कूलचा संस्थेवरचा खर्च खरंच वाढलाय, पण तो शिपाई आणि तासिकेवर नेमलेल्या शिक्षकांमुळे. इमारत-दुरुस्तीची ओळ कित्येक वर्षं जवळजवळ रिकामी आहे. हे वाचून आधी बरं वाटलं, मग गच्चीवर जाऊन आलो. बरं वाटणं तिथेच राहिलं. पॅराफिटला भेग आहे आणि नववीच्या खोलीतल्या स्लॅबची सळी उघडी पडलीय. जो खर्च दिसत नव्हता तो तिथे साठलाय.

आणखी एक. शिक्षकांच्या निवृत्तीच्या तारखा लिहून काढल्या. ज्या काळात तुकड्या वाढल्या त्याच काळात भरती झाली होती, त्यामुळे हे लोक जातीलही एकदमच, पुढच्या काही वर्षांत. म्हणजे पगाराचा खर्च तेव्हा धाडकन खाली येणार. जुना शिक्षक जाऊन शिक्षणसेवक आला तर माध्यमिकला तीन वर्षं महिन्याला १८,००० मानधन. शासनाच्या दृष्टीने मोठीच बचत. आमच्या दृष्टीने याचा अर्थ काय लावायचा?

खडूफळा

शिक्षणसेवक आला तर, हा "तर" मोठा आहे. पद भरायची परवानगी संच मान्यतेवर, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर हे ठरवणाऱ्या आदेशावर, आणि संच मान्यता पटावर. पट उतरला असेल तर पद मंजूरच होणार नाही, आणि दहावीचा वर्ग तर चालवावाच लागेल. मग संस्था स्वतःच्या पैशाने तासिकेवर माणूस ठेवते. शासनाची ओळ खाली येते त्याच महिन्यात तुमची वर जाते. शिपायाचं झालं तेच, फक्त आकडा मोठा.

म्हणून निवृत्तीची यादी केलीत ती आता विषयवार करा. मराठी-इतिहासाचा माणूस गेला तर उरलेल्यांत तास वाटता येतात. गणित-विज्ञानाचे दोघं एकाच वर्षी जात असतील तर ते वर्ष लाल शाईने लिहा आणि त्याच्या आधीच्या दोन वर्षांत स्लॅबचं काम उरका. दोन्ही एका वर्षात आले तर संस्थेला ठेव मोडावी लागेल. जन्मतारखा सेवापुस्तकावरूनच घ्या, हजेरीपटावरच्या नको. आणि स्लॅब दाखवायला गावातला गवंडी नको, स्ट्रक्चरल ऑडिट करणारा इंजिनिअर आणा. त्याची फी यंदाच्याच खर्चात टाका, सभेत कोणी विचारलं तर महागाई म्हणू नका.